‘गास्टेड’ ही छपाईची चूक नाही

‘सर, इथे वेस्टेड हवं होतं ना?’ शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ हे नाटक शिकवायला घेतलं की दुसऱ्या अंकात हा प्रश्न ठरलेला. पुस्तकात छापलेलं असतं ‘गास्टेड’. एकाने तर पेन्सिलीनं ‘गस्टेड’ करून ठेवलं होतं, वाऱ्याच्या झोताचं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, शब्द बरोबर आहे. गास्ट म्हणजे घाबरवणं.

प्रसंग बघा. एडमंड स्वतःच्याच दंडावर तलवारीनं ओरखडा काढतो आणि बापाला सांगतो की भावानं, एडगरनं वार केला, मग बहुधा माझ्या आरडाओरड्यानं ‘गास्ट’ होऊन पळाला. मी मराठीत ‘भेदरून’ म्हणतो. ‘घाबरून’ फार मिळमिळीत होतं. मजा अशी की एडगर त्या आवाजानं भेदरलेलाच नाही. सगळी थाप आहे. शेक्सपिअरच्याच ‘ऑथेल्लो’ नाटकाच्या १६२३च्या छापील प्रतीत याच शब्दाचं नाम येतं, ‘गास्टनेस’, तेही खलनायक इयागोच्या तोंडी. बियांका नावाच्या बाईच्या डोळ्यांतली भीती दाखवून तो तिच्यावरच आळ घेतो. दोन्हीकडे बोलणारा लबाड. योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

शब्द जुन्या इंग्रजीतला, घोस्टच्या (भूत) कुळातला. घोस्ट तेव्हा ‘गास्ट’च होता, आणि त्याचा अर्थ भुतापेक्षा आत्मा, प्राण असा. घोस्टच्या स्पेलिंगमधला एच नंतरचा. इंग्लंडात १४७६ साली छापखाना काढणारा कॅक्स्टन त्याआधी आजच्या बेल्जियममधल्या ब्रूजला राहिलेला. तिकडच्या फ्लेमिश भाषेच्या वळणानं तो एच आला असं मानतात. पुढे घोस्टच्या ओढीनं ‘अगास्ट’ (भयचकित) या शब्दातही एच शिरला. हा अगास्ट मुळात कृदंत आहे, ‘घाबरवलेला’. तो आजही वापरात आहे. आपलं ‘भूत बघितल्यासारखा चेहरा’ त्याला चपखल बसतं.

आणि तिसऱ्या अंकात, वादळात, लिअरचा इमानी सरदार केंट याच्या तोंडी ‘गॅलो’ येईल. त्याला ‘गॅलोज’, म्हणजे फाशीचा खांब, समजू नका. तेही घाबरवण्याचंच क्रियापद: असलं आभाळ अंधारात हिंडणाऱ्या जनावरांनाही गुहेत दडवतं. देवमासे मारणाऱ्या खलाशांनी ते एकोणिसाव्या शतकातही ‘गॅली’ म्हणून जपलं होतं. होडीच्या चाहुलीनं मासा गोंधळला की तो ‘गॅलीड’. आपल्याकडे बैल बुजतो ना, अगदी तेच.