मावशीचा सोयाबीन रस्सा आणि माझं पोट

आज लातूरला मावशीकडे जेवण झालं. मला दूध-पनीर सोसत नाही, म्हणून तिने मुद्दाम सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा केला होता. माझा चेहरा बघून म्हणाली, "घाबरू नकोस गं, उकळून, चांगल्या पिळून, पाणी फेकून केल्यात."

संध्याकाळ झाली, पोट शांत!

सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या पचवणारं एन्झाइम आपल्या आतड्यात नसतंच. मग मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस आपल्या वाट्याला. या साखरा पाण्यात विरघळतात, म्हणून ते पाणी फेकायचं. घट्ट टोफूही (सोयाबीनचं पनीर) मला त्यामुळेच चालतो. दाबताना पाण्याबरोबर त्या बऱ्याच निघून जातात. अख्ख्या दाण्यांच्या सोया मिल्कने मात्र, लॅक्टोज (दुधातली साखर) नसूनही, पोट डब्ब होतं.

(ॲलर्जीवाल्यांचं वेगळं. पाणी फेकून त्यांना काही उपयोग नाही, त्यांनी सोयाबीन टाळलेलंच बरं.)

मावशी थायरॉइडची गोळी पहाटे घेते आणि सोयाबीन दुपारीच खाते, कारण सोयामुळे गोळी नीट शोषली जात नाही. हे तिला डॉक्टरांनी सांगितलंय.

गंमत बघा, भोवताली सगळं सोयाबीनचं रान. पण पीक जातं तेलगिरणीत, पेंड कोंबड्यांना आणि घरातल्या वड्या येतात दुकानातून पाकिटात!

रश्श्यात लसूण मात्र सढळ हाताने होता. त्याचा हिशोब उद्या सकाळी.