बेळगाव आणि बेळगावी हे एकच गाव आहे, साहेब

परवा निपाणीहून भाचा आला. बारावी सायन्स झालीय. जेवणं झाल्यावर त्यानं हळूच मोबाईल पुढं केला. "मामा, हे बघा की. एजंट म्हणतोय, जहाजावरच्या नोकरीचं परदेशी लायसन काढून देतो, जगभर चालतंय. तुमच्यासारखी वर्षं घासायला नको."

जगभर चालतंय म्हणे!

मी मालवाहू जहाजांवर सेकंड इंजिनिअर. बाबा बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लेथवर उभे राहायचे. मी व्हीटीयू विद्यापीठाची मेकॅनिकलची डिग्री घेतली, मग जहाजाच्या इंजिनिअरिंगचा वर्षभराचा जीएमई कोर्स, मग क्लास फोर, मग क्लास टू या परीक्षा. सर्टिफिकेटं भारत सरकारची, म्हणजे जहाजांचं खातं असलेल्या डीजी शिपिंगची. पण आजवर ज्या जहाजांवर राबलो त्यातलं एकही भारतीय नव्हतं. जहाजाची नोंदणी ज्या देशात, त्याचा झेंडा जहाजावर. माझ्या जहाजांचे झेंडे सगळे मार्शल आयलंड्स, लायबेरिया, पनामाचे. या देशांच्या भूमीवर मी कधी पायसुद्धा ठेवलेला नाही.

"मग तुमचं लायसन तिथं चालतंय कसं?" भाच्यानं विचारलं.

त्याच्याच घरची गोष्ट काढली. दाजींना कोल्हापूरला नोकरी लागली तेव्हा केए-२३ची गाडी तिकडं न्यायला किती खेटे पडले! एनओसी आणा, रोड टॅक्स भरा, एमएच-०९ नंबर घ्या. खिशातलं लायसन मात्र तेच राहिलं. सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडला म्हणून ते कुणी बदलायला लावलं नाही. समुद्रावर नेमकं उलटं. जहाज आपल्या झेंड्यासकट जगभर फिरतं, आणि आमच्या लायसनला मात्र प्रत्येक झेंड्याचा वेगळा कागद जोडावा लागतो. एन्डॉर्समेंट म्हणतात त्याला. परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. कंपनी अर्ज करते, त्याची पोच मिळते, आणि त्या पोचेवर जास्तीत जास्त तीन महिने काम करता येतं. तेवढ्यात खरा कागद यायला हवा. तो आला तरी पाच वर्षांच्या वर नाही. झेंडा बदलला की पुन्हा पहिल्यापासून. आईनं माझी फाईल प्लास्टिकच्या पिशव्यांत लावून ठेवलीय. ती म्हणते, "एकाच परीक्षेची एवढी सर्टिफिकेटं कुणाला मिळाली नसतील बघ."

यामागं एसटीसीडब्ल्यू नावाचा, जहाजावरच्या माणसांच्या शिक्षणाचा आणि सर्टिफिकेटांचा आंतरराष्ट्रीय करार आहे. १९६७ साली टॉरी कॅन्यन नावाचं तेलाचं जहाज इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळ खडकावर चढलं. झेंडा लायबेरियाचा, कॅप्टन इटलीचा, आणि तेल गेलं ब्रिटन-फ्रान्सच्या किनाऱ्यावर. जहाज एका देशाचं, माणसं दुसऱ्या देशाची, मग त्यांचं शिक्षण तपासायचं कुणी? तोवर जो तो देश आपल्या मापानं मोजायचा. १९७८ मध्ये लंडनला करार झाला, १९८४ पासून लागू झाला, आणि १९९५ व २०१० मध्ये मोठ्या दुरुस्त्या झाल्या. एका देशानं दुसऱ्याचं सर्टिफिकेट मानायचं तर आधी त्याची कॉलेजं, परीक्षा, नोंदी नीट आहेत याची खात्री करून घ्यायची, असं त्यात आहे.

म्हणजे मान्यता मिळते ती देशाच्या शिक्षणाला. माणूस त्या मागून येतो. आमच्याबरोबर एक फिलिपिनो थर्ड इंजिनिअर होता. तेल साफ करणाऱ्या प्युरिफायर मशीनच्या नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते सांगायचा. पण त्यांच्या देशातल्या प्रशिक्षणात युरोपच्या तपासणीला २००६ पासून त्रुटी सापडत होत्या. मान्यता गेली असती तर युरोपीय झेंड्यांच्या जहाजांवरच्या सुमारे पन्नास हजार फिलिपिनोंची भाकरी अडचणीत आली असती. हा गडी वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपला की नेट मिळेल तिथं त्याचीच बातमी शोधायचा. शेवटी मार्च २०२३ मध्ये युरोपियन कमिशननं मान्यता कायम ठेवली.

आता एजंटचा कागद. भाच्याच्या मोबाईलवरचा नमुना मोठा करून बघितला. ते मूळ सर्टिफिकेट नव्हतंच, एन्डॉर्समेंट होतं! ज्याला जोडायचं ते मूळ लायसनच नसेल तर त्याची किंमत रद्दीची. शिवाय करारात स्पष्ट आहे, मान्यतेवर मान्यता मिळत नाही. लायबेरियानं माझं भारतीय सर्टिफिकेट मानलं म्हणून तो लायबेरियाचा कागद घेऊन मी पनामाच्या दारात उभा राहू शकत नाही. पुन्हा मूळ भारतीय कागदच दाखवायचा. आणि मूळ कागद कुठल्याही देशाचा घ्या, सी टाईम, म्हणजे जहाजावर काम केलेला काळ, आणि परीक्षा चुकत नाही. बारावीच्या पोराला सी टाईम कुठला? "त्याचा आरपीएसएल नंबर विचार, जहाजावर माणसं भरायच्या सरकारी परवान्याचा," म्हटलं. भाचा गप्प झाला. विचारला नव्हता.

तरी सगळे कागद खरे असले म्हणजे सुटलो असं नाही. माझा जुना पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, दोन्हींवर जन्मगाव 'बेलगाम'. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं नाव बदललं, मग नव्या पासपोर्टवर 'बेलगावी' आलं. घरात आम्ही म्हणतो बेळगाव. एका झेंड्याच्या कार्यालयातून कंपनीला मेल आला की उमेदवाराचं जन्मस्थान दोन कागदांवर वेगळं आहे, खुलासा करा. आमच्या सीमाभागात या नावावरून काय काय झालंय ते तिथल्या कारकुनाला मी कुठल्या तोंडानं सांगू! वकिलाकडं जाऊन शंभराच्या स्टँपवर लिहून दिलं, वरची दोन्ही गावं एकच आहेत. तोवर जहाज सिंगापूरहून दुसरा सेकंड इंजिनिअर घेऊन गेलं. मी दोन महिने बिनपगारी घरी. आईला मात्र बरं वाटलं, गणपती सापडला.

ते ॲफिडेव्हिट अजून फाईलच्या पहिल्या पिशवीत असतं.

भाच्याला म्हटलं, एजंट राहू दे, दहावीचं मार्क्स कार्ड दाखव. त्यानं मोबाईलवरचा त्याचा फोटो दाखवला. नाव, आणि पुढं आडनावाच्या जागी नुसतं एक अक्षर. आधार कार्डावर नाव, बाबांचं नाव, आडनाव, सगळं सविस्तर. पासपोर्ट अजून काढलेला नाही.

सोमवारी त्याला घेऊन शाळेत जायचं ठरलंय.