काळ्यावर पांढरं : आमच्या हलव्याच्या दागिन्यांची वाटचाल

दांडिया बाजारातल्या आमच्या दारावर पाटी नाही. एकदा रंगवून आणली होती, पण ती मलाच वाचता येईना. वन्सं म्हणाल्या, "राहू दे गं, येणारा वासावर येतो." ते खरंच आहे. मार्गशीर्ष लागला की आमच्या जिन्यात पाकाचा वास असतो आणि बडोद्यातली निम्मी मराठी घरं तो वास धरून वर येतात.

आधी डोळ्यांचं सांगते, कारण लोक तेच विचारतात. मला स्टारगार्ट नावाचा आजार आहे, जन्माबरोबर आलेला, कळला एकोणिसाव्या वर्षी. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला असतो. वाचायचं आणि चेहरे ओळखायचं काम त्याचं. तो विरत जातो, कडेचं शाबूत राहतं. म्हणजे मी घरून खंडेराव मार्केटपर्यंत एकटी चालत जाते, खांबाला धडकत नाही, पण समोरून येणारी माझी सख्खी मावशी आहे की भाजीवाली हे ती बोलेपर्यंत कळत नाही. जिकडे नीट बघावं तेवढंच पुसलं जातं. म्हणून काही बघायचं असलं की मी नजर बाजूला नेते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. कायद्याच्या भाषेत ही अल्पदृष्टी: चांगल्या डोळ्याची नजर चष्म्यासकट ६/१८ पेक्षा कमी, पण ३/६० च्या खाली गेलेली नाही. मी ६/६० वर आहे. लोकांच्या हिशेबात मात्र दोनच खाने, आंधळी नाहीतर ढोंगी.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला, १९९७ साली, सासूबाईंनी माझे दागिने स्वतः केले. मी शेजारी नुसती बसले होते. त्यांनी काळा कागद पसरला, त्यावर मूठभर हलवा ओतला आणि मला दाणे दिसले. सुटे, एकेक! पांढऱ्या ताटात मला भात दिसत नाही, सोललेला लसूण ओट्यावर हरवतो आणि इथे तिळाएवढी वस्तू दिसत होती. या धंद्याची पार्श्वभूमीच काळी. काळी साडी, काळा कागद, काळं झबलं, त्यावर पांढरा दाणा. माझ्यासाठी मुद्दाम कुणी योजलं असतं तरी इतकं बरं जमलं नसतं.

विक्री सुरू केली २००४ च्या दिवाळीनंतर. मी आणि वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद. त्यांचे डोळे, माझी बोटं. सोनेरी टिकल्या, जरीची तार, गोटा, रंगाचा हलवा हे त्यांच्याकडे. परात माझ्याकडे.

परात पितळेची आहे, कल्हईची, सासूबाईंच्या माहेरची. तिच्या काठाला एक पोचा आहे. शेगडीवर ठेवताना तो पोचा डाव्या हाताला घेतला की परात किती फिरली ते मला बोटानं समजतं. तांबटानं दोनदा विचारलं, ठोकून सरळ करून देऊ का? हात लावू दिला नाही. खसखस, तीळ, साबुदाणा, काकडीच्या बिया, ज्याचा हलवा करायचा ते आधी कोरडं शेकायचं. पाक एकतारीच्या आतच उतरवायचा, चमचाभर दूध घालून मळी काढायची आणि मलमलमधून दोनदा गाळायचा. मग मंद शेगडीवर चमचाभर पाक आणि बोटांची टोकं, पुन्हा चमचाभर पाक आणि बोटांची टोकं. ओला दाणा चुळचुळतो. सुकला की परातीत वाळूसारखा खळखळतो, तेव्हाच पुढचा चमचा. डोळस बायका इथे चुकतात, कारण त्या चकाकी बघतात. पांढरा दिसला की पाक टाकतात, आतून ओला असतो, आणि मग काटा न येता नुसते खडे होतात. माझ्याकडे शिकायला येतील त्यांना मी सांगते, डोळे मिटून बसा. कुणी ऐकत नाही. हवा ढगाळ असेल तर परात काढूच नका, हेही सांगते. तेही ऐकत नाहीत, आणि मग काटा का बसला म्हणून फोन करतात.

तिसऱ्या दिवशी बोटाला टोचायला लागतं, तो काटा. मग गुंफण. दोऱ्याच्या फासात एकेक दाणा अडकवायचा आणि ओढायचा. चांगला काटा असला की दोरा सरकत नाही. टेबलावरचा दिवा डावीकडून, खाली काळी पाटी, स्टॅंडचं भिंग फक्त तन्मण्याच्या पानड्यांपुरतं.

२००५ ते २०१६ या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही. हलवा झाला, विकला गेला.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. बाजारात एक दुकानदार आहेत, लग्नाच्या-मुंजीच्या सामानाचे. नाव लिहीत नाही. पहिल्या वर्षापासून आमचा माल त्यांच्याकडे असायचा, शेकडा वीस कमिशनवर. मी त्यांना भाऊ म्हणायची, भाऊबीजेला ओवाळलंय. कंबरपट्टा कसा बसवता, मुकुटाच्या कडेला तार दुहेरी का घेता, सगळं विचारायचे आणि मी सांगायची. २०१७ च्या दिवाळीनंतर माल घेऊन गेले तर म्हणाले, यंदा जागा नाही. जागा होती. त्यात थर्माकोलच्या मण्यांचे तयार संच लागले होते. नमुने आमचे, दुहेरी तारेसकट.

इथवर मी समजू शकते, धंदा आहे. पण गिऱ्हाईक आमचा हलवा मागायला लागलं तेव्हा त्यांनी काय सांगावं? "अहो, त्यांना दिसत नाही. खाण्याची वस्तू. केस निघाला, मुंगी निघाली, तर कुणी बघायचं?" हे मला तीन वेगवेगळ्या घरांतून कळलं. आणि याच गृहस्थांनी, मला दिव्यांग दाखला मिळाला त्या वर्षी, लोकांना सांगितलं होतं की कसली अल्पदृष्टी, बाजारातून तरातरा चालतात, सगळं नाटक आहे! माणसानं एक काहीतरी ठरवावं.

त्या वर्षी आम्ही एकशे चाळीस संच केले होते. १४ जानेवारी २०१८ ला, आख्खं बडोदं गच्चीवर "काप्यो छे" ओरडत असताना, आमच्या पलंगाखाली सत्त्याऐंशी संच पडून होते. एका महिला मंडळानं ठरलेली ऑर्डर आदल्या आठवड्यात फोनवर रद्द केली होती, कारण न देता. (मंडळांकडून निम्मे पैसे आगाऊ घ्या. ओळखीचं मंडळ असेल तर सगळेच घ्या.) साखर आणि जरीचे पैसे वन्संच्या बांगड्या ठेवून आणलेले. रात्री त्या म्हणाल्या, "परात मोडीत घालू या का?" मी उत्तर दिलं नाही. उत्तर माहीत नव्हतं.

घडियाळी पोळमधल्या आजी वासी उत्तरायणाला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, जिना चढून आल्या. पहिल्या हंगामापासूनचं गिऱ्हाईक, तेव्हा वय ऐंशीच्या घरात. माझ्याशी एक शब्द न बोलता परातीपाशी बसल्या, दोन दाणे तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "केस कुठाय? मला केस निघेल म्हणून सांगितलंय." मग एक संच उचलून त्यांनी त्यातला हार दाणा दाणा चाचपला, मी चाचपते तसा. त्यांना मोतीबिंदू होता हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या नात्यातल्या एका पणतूचं बोरनहाण होतं, तो संच घेतला, आणि जाताना आणखी नऊ नेले, पैसे मोजून. रथसप्तमी २४ तारखेला होती, तोवर बोरनहाणं चालतात. आजींनी ते नऊ कुणाकुणाच्या गळ्यात मारले त्यांनाच ठाऊक. सप्तमीपर्यंत चौपन्न गेले. उरलेले आम्ही फोडून चहात घातले. मार्चपर्यंत चहाला साखर लागली नाही.

खरं तर आमच्या हलव्यात केस एकदा निघालाय, २०११ साली. पांढरा, लांब, वन्संचा. त्यांची नजर आजही बिनचष्म्याची आहे. माझ्या बोटाखालून प्रत्येक दाणा तीनदा जातो, परातीत, निवडताना आणि फासात. केस दाण्याला चिकटला की बोटाला दोऱ्यासारखा लागतो. तो केस वन्संनी भरलेल्या डब्यात होता, हे मी त्यांना अजून बोलून दाखवते.

त्या हंगामानंतर आम्ही अन्नपदार्थाची नोंदणी काढली, वर्षाला शंभर रुपये, आणि नंबर प्रत्येक डब्यावर छापला. कमिशनवर माल देणं बंद. रोख माझ्याच हातात यायला लागली, तर नोटांची पंचाईत. नव्या नोटांच्या कडेला उठावाच्या रेघा असतात, शंभरावर चार, पाचशेवर पाच, पण नोट मऊ पडली की रेघाही जातात. २०२० च्या जानेवारीत रिझर्व्ह बॅंकेनं नोट ओळखून बोलणारं ॲप काढलं, त्याचं नाव 'मनी'. आमच्या मांजरीचंही तेच. गिऱ्हाइकासमोर मी "मनी कुठे गेली" म्हणते तेव्हा वन्संना हसू आवरत नाही.

आजी गेल्या. त्यांच्या सुनेकडून ऑर्डर येते, एक संच, काटा जाड हवा.

आणि ते भाऊ. गेल्या वर्षी एका मुंजीत भेटले. "काय वहिनी, ओळखलंत का?" आवाजावरून ओळखलंच. पण इतक्या वर्षांनी माणूस कसा दिसतो ते मला बघायचं होतं, म्हणून मी नेहमीसारखी नजर त्यांच्या कानापलीकडच्या भिंतीवर नेली. केस पार पांढरे झालेत. दोन दिवसांनी कळलं, ते सांगत फिरतायत की वहिनींनी चारचौघांत माझ्याकडे पाठ फिरवली. वन्सं म्हणाल्या, अगं फोन करून सांग तरी. मी अजून केलेला नाही.