आठशेचा एएसओ

गेल्या पावसाळ्यात शिरोळकडच्या एका बापानं दोन्ही पोरांना आमच्या कोल्हापुरातल्या लॅबमध्ये एकदमच आणलं. थोरलीचा घसा सारखा धरतो, म्हणून डॉक्टरांनी एएसओ लिहिलेला, म्हणजे घसा नि कातडी धरणारा स्ट्रेप्टोकोकस जंतू नुकताच येऊन गेला का ते सांगणारी रक्ततपासणी. धाकट्याचं तोंड सकाळपासून सुजलेलं. पायांवर खाजवून चिघळलेल्या फोडांच्या खपल्या.

मुलीचा एएसओ ८०० आला, म्हणजे सीरम चौपट पातळ करूनही स्लाइडवर गुठळ्या. मुलाचा २०० च्या आत, म्हणजे नॉर्मल.

"पोरीचं आठशे आलंय ओ म्याडम. किडनी जाणार काय तिची? बारक्याचं नॉर्मल हाय न्हवं?"

रिपोर्टचा अर्थ आम्ही टेक्निशियननी सांगायचा नसतो. पण बारक्याची लघवी माझ्यासमोर होती, कोऱ्या चहाच्या रंगाची. अशी लघवी ठेवून द्यायची नाही, त्यातले कास्ट, म्हणजे किडनीच्या नळ्यांत तयार झालेले साचे, मोडून जातात. लगेच सेंट्रिफ्यूज लावला, गाळ स्लाइडवर घेतला, मायक्रोस्कोपचा कंडेन्सर खाली ओढून उजेड मंद केला. बरेच जण लख्ख उजेडात बघतात आणि 'आरबीसी (तांबड्या पेशी) भरपूर' लिहून मोकळे होतात. कव्हरस्लिपच्या कडेला ती सापडली: तपकिरी नळकांडी, आत तांबड्या पेशी ठासून भरलेल्या. आरबीसी कास्ट. रक्त किडनीच्या गाळणीतूनच येत होतं.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन केला, त्यांनी बालरोगतज्ज्ञांना. पोराचं बीपी १४०/१००, तासाभरात ॲडमिट. सी-३, म्हणजे किडनीच्या या सुजेत उतरणारं रक्तातलं प्रथिन, तपासायला बाहेर पाठवला, तो २४ आला. ९० च्या वर हवा.

किडनीची ही सूज स्ट्रेप्टोकोकसच्या मागून येते. तो बारक्याच्या फोडांसारखा कातडीतून शिरला की त्याचं स्ट्रेप्टोलायसिन, एएसओ ज्याच्याविरुद्ध तयार होतो ते विष, तिथल्याच स्निग्ध पदार्थांत अडकतं, म्हणून एएसओ फारसा चढत नाही. चढते ती अँटी-डीएनेज बी, त्याच जंतूविरुद्धची दुसरी अँटीबॉडी, आणि ती तपासणी आमच्याकडे होत नाही. शिवाय एएसओ किती चढला यावरून किडनीचं पुढं काय होणार ते कळत नाहीच. त्यासाठी बीपी आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन बघायचं, आणि सी-३ सहा ते आठ आठवड्यांत वर येतो का ते.

बारक्याचा सी-३ वर आला. लघवीत तांबड्या पेशी अजून चार-दोन दिसतात, त्या वर्षभरही दिसू शकतात.

पोरीला मात्र कुणीतरी नुसत्या ८०० वर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू केलंय. सांधे दुखत नाहीत, इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला, लघवी स्वच्छ. ही इंजेक्शनं संधिवाताच्या तापासाठी, म्हणजे स्ट्रेप्टोकोकसमागून सांधे नि हृदय धरणाऱ्या आजारासाठी असतात, आकडा उतरवायला नव्हे. बाप आला की पहिलं तेच विचारतो, "आकडा उतरला काय?"

'एकट्या एएसओवरून निदान करू नये' ही ओळ रिपोर्टखाली छापा म्हणून मी मॅडमच्या मागे लागले आहे.