तुम्ही विचारलंत म्हणून : आता मोठा भूकंप येईल का?

शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे शिरपुरात रात्री फळीवरची भांडी जरा वाजली की माझा फोनही वाजतो. "सर, आते काय? मोठा येईल का?" तापीकाठी हा प्रश्न वेडगळ नाही. १४ मार्च १९३८ ला आपल्या याच सातपुड्यात सहा रिश्टरच्या वरचा भूकंप झाला होता.

खरं उत्तर कुणालाच आवडत नाही. लहान धक्क्यावरून मोठा येणार की नाही, हे आज जगात कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. 'पूर्वधक्का', म्हणजे मोठ्याच्या आधीचा लहान धक्का, हे नावच मुळी मोठा बसून गेल्यावर मिळतं. म्हणजे बारसं तेराव्याला!

चीनमध्ये हाइचेंगला १९७५ च्या फेब्रुवारीत बारीक धक्क्यांची रांग लागली. ऐन थंडीत लोकांना घराबाहेर काढलं आणि ४ तारखेला संध्याकाळी ७.३ चा भूकंप आला. हजारो जीव वाचले. झालं, कोडं सुटलं म्हणून सगळे हरखले. पुढच्याच वर्षी, २८ जुलैच्या पहाटे चीनचंच तांगशान शहर भूकंपात झोपेतच गाडलं गेलं. आधी तशी काही चाहूल नव्हती. मेलेल्यांचा सरकारी आकडाच २ लाख ४२ हजारांचा.

आपल्याकडे किल्लारी. १९९२ च्या पावसाळ्यानंतर तिथली जमीन कित्येक आठवडे कुरकुरत होती. मग शांत झाली, लोकही सरावले. वर्ष उलटलं आणि ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती बोळवून लोक नुकते झोपले असताना, पहाटे ३.५६ ला घात झाला. उलट पालघरात २०१८ पासून शेकडो धक्के बसले, मोठा आलाच नाही. आता सांगा, कोणता हिशोब धरायचा?

इटलीतल्या लाक्विलात लहान धक्के चालू असताना तज्ज्ञांनी लोकांना धीर दिला, आणि ६ एप्रिल २००९ च्या भूकंपात तीनशेवर माणसं गेली. तज्ज्ञांवर खटला चालला, २०१२ ला शिक्षा झाली, २०१४ ला शास्त्रज्ञ सुटले. भाकीत चुकलं म्हणून मी त्यांना दोष देत नाही. "निवांत राहा" म्हणायला नको होतं, एवढंच.

म्हणून मी निवांत राहा म्हणत नाही. घर धाब्याचं आहे का, एवढंच विचारतो. किल्लारीत माणसं मेली ती दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावरच्या मातीच्या ओझ्यानं. तसं असेल तर चार रात्री खाट अंगणात टाका.

मागच्या खेपेला शेजारचे नाना असे बाहेर झोपले. काही झालं नाही. डास चावल्याचा हिशोब मात्र अजून माझ्याकडेच मागतात.