अंजनेरीची घळ आणि श्रावणातला रविवार

अंजनेरीचा डोंगर चढायला सोपा आहे, लहान मुले आणि वयस्कर माणसे आरामात वर जातात, असे मला ज्यांनी ज्यांनी सांगितले, त्यांपैकी एकानेही ‘रविवार’ हा शब्द उच्चारला नव्हता, ही माझी मुख्य तक्रार आहे. डोंगर खरोखरच सोपा आहे, याबद्दल वाद नाही. उंची सुमारे 4,200 फूट असली तरी वाट पायऱ्यांची आणि नंतर पठारावरची आहे. दोर लागत नाही, कड्यावर लोंबकळावे लागत नाही. म्हणूनच गेल्या श्रावणातील दुसऱ्या रविवारी मी माझ्या सहासष्ट वर्षांच्या आईला, पत्नीला आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन निघालो.

निघायचे होते साडेसहाला. मुलीचा रेनकोट शोधण्यात सव्वाआठ वाजले. नाशिकपासून अंजनेरी फाटा वीसेक किलोमीटर आहे आणि त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या एसटीने फाट्यावर उतरता येते, हे गाडी लावायला जागा शोधत फिरताना मला प्रकर्षाने आठवले. वन विभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरले, आईच्या हातात काठी दिली आणि झाडीतून चालू लागलो. इथपर्यंतचे सगळे इतके सुरळीत झाले की त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

पुढे घळ लागली. दोन काळ्या कातळांच्या मधून पायऱ्या वर जातात, त्याच घळीच्या पोटात जैन लेणी कोरलेली आहेत आणि पठारावर जाणाऱ्या प्रत्येकाला इथूनच जावे लागते. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी वाहते, आणि रुंदी म्हणाल तर तीन माणसे दाटीवाटीने उभी राहतील एवढी. आम्ही शिरलो तेव्हा वरून तीस-चाळीस जणांचा एक गट उतरत होता, त्यांच्यातल्या एकाच्या पाठीवर गाणी वाजवणारा डबा होता, आणि घळीचे सौंदर्य नेमके मधल्या पायरीवरूनच टिपता येते असा त्या सर्वांचा समज झालेला होता. एकाचा फोटो झाला की काढणारा स्वतः उभा राहायचा आणि तिसरा काढायला यायचा. खालून चढणारे थांबेनात, वरचे हलेनात. त्यात एका माकडाने कुणाच्या तरी मुलाच्या हातातला वेफर्सचा पुडा हिसकावला, तेव्हा पुढची पंधरा-वीस माणसे एकदम मागे सरकली आणि माझ्या पायावर एका अनोळखी गृहस्थांचा संपूर्ण भार आला. (खाण्याची पिशवी पाठीवरच्या सॅकच्या आत ठेवावी, हातात मुळीच धरू नये, हे इथेच सांगून टाकतो.)

पहिली वीस मिनिटे मी समंजसपणे काढली. त्यानंतर मात्र माझा आवाज चढू लागला. रस्ता अडवून उभे राहणे हे कोणत्या संस्कृतीत बसते, अशा अर्थाचे एक छोटे भाषणच मी केले आणि दगडी भिंतींमुळे ते अपेक्षेपेक्षा बरेच लांबपर्यंत ऐकू गेले. तेवढ्यात मागून एक मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, “काका, रस्ता तुमच्याकडूनच अडलाय.” मी वळून पाहिले. माझे भाषण चालू असताना आई पायरीच्या मधोमध बसली होती, तिच्या शेजारी मुलगी बसली होती, आणि दोघी मिळून बाजूच्या लेण्यातील तीर्थंकरांची मूर्ती निरखत होत्या. “तुझं होऊ दे, आम्ही बसलोय,” आई म्हणाली. माझ्या लाल झालेल्या कानांचे खापर मी चढणीवर फोडले.

कोंडी फोडली ती गावातल्या एका बाईंनी. पठारावर विकायला काकड्यांची पाटी डोक्यावर घेऊन त्या खालून आल्या, कुणावरही रागावल्या नाहीत, भाषण तर नाहीच. फक्त चढणाऱ्यांना एका भिंतीला आणि उतरणाऱ्यांना दुसऱ्या भिंतीला लावत “एका अंगाला व्हा, बसायचं वर जाऊन” एवढेच म्हणत वर सरकत राहिल्या. दहा मिनिटांत रांग वाहू लागली. घळीत आमचे एकूण सव्वा तास गेले होते, आणि त्यातला तासभर तरी निव्वळ कुणी हे सांगायला नव्हते म्हणून.

वर पठार आहे, वारा आहे, आणि मघाच्या गर्दीतली माणसे इथे कुठे विरून जातात ते कळत नाही. अंजनीमातेच्या मंदिरापर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे. पुढे पावलाच्या आकाराचे तळे लागते. सूर्याकडे झेपावताना हनुमानाने इथे पाय रोवला, अशी श्रद्धा आहे. त्याचे जन्मस्थान हेच की किष्किंधा, यावर मे 2022 मध्ये नाशिकमध्ये साधूंची सभा भरली होती आणि तीही वादातच आटोपली. आईच्या मनात असा काही प्रश्न नसल्यामुळे तिने सरळ नमस्कार केला. तळ्यापासून शेवटचा चढ उरतो. वयस्कर माणसांना दमल्यासारखे वाटले तर त्यांनी मंदिरापाशीच थांबावे, असा सल्ला मी देणार होतो, पण आई माझ्या आधी माथ्यावर पोहोचली. ढगांमुळे ब्रह्मगिरी जेमतेम दोन मिनिटे दिसला.

वाट सोडून गवतात शिरू नये, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगावे. सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदिलासारख्या फुलांची वनस्पती 2006 मध्ये याच डोंगराच्या नावाने जगापुढे आली, कड्यांवर लांब चोचीची गिधाडे राहतात, आणि 2017 पासून हा परिसर संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पायथ्याजवळचे नाण्यांचे संग्रहालय मुलीला दाखवायचे होते, ते उशिरामुळे राहिले. आणखी एक: तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा असते आणि तिची गर्दी आदल्या रविवारपासूनच लोटते, तेव्हा तो रविवार तर स्वप्नातही निवडू नये. साध्या बुधवारी सकाळी सातला चढायला सुरुवात करावी आणि रेनकोट आदल्या रात्रीच गाडीत ठेवावा.

उतरताना घळीत पुन्हा गर्दी होती. मी मधल्या पायरीवर उभा राहून चढणाऱ्यांना एका भिंतीला आणि उतरणाऱ्यांना दुसऱ्या भिंतीला लावू लागलो, आणि अभिमानाने सांगतो, लोक ऐकत होते. पाचेक मिनिटांनी रिकामी पाटी घेऊन त्याच बाई वरून आल्या, माझ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, एका अंगाला व्हा.”