बघायचं घड्याळ, घालायचं घड्याळ

दुपारची जेवणं आटपून नुकती पाठ टेकली होती. अशा वेळी फोन आला तर उचलायचा नाही असा माझा नियम आहे, पण मेसेज आला तर बघायचा नाही असा नियम करायचं राहून गेलंय. भाची रोमला फिरायला गेली आहे. तिने फोटो पाठवला होता. दुकानाची काच, काचेआड मखमलीचा नुसताच हात आणि त्या हाताला दोन वेढे घालून बसलेलं सोन्याचं जनावर. डोक्याच्या जागी इवलीशी तबकडी, शेपूट निमुळती होत कोपराकडे गेलेली. काचेत भाचीचं प्रतिबिंबही पडलं होतं, त्यामुळे नागाच्या डोक्यावर तिची पाठपिशवी दिसत होती. खाली लिहिलं होतं, "मावशी, ओळख बघू. बांगडी की घड्याळ?"

झोप गेली.

मी सांगलीची. बत्तीस शिराळा आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे नागाचं आम्हाला अप्रूप नाही, धाक आहे. नागपंचमीला आई विळी भिंतीला टेकवून ठेवायची. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची आणि गप्प बसायचं. आता असलं घड्याळ घरात असतं तर त्या दिवशी ते मनगटावर घालायचं की पाटावर ठेवून त्याला लाह्या-दूध दाखवायचं? आईने लाह्या-दूधच दाखवलं असतं, आणि शिवाय विचारलं असतं, "किती तोळे?"

दुकान बुल्गारी या रोमच्या जवाहिऱ्यांचं. सर्पेंती नावाची ही सापांची घड्याळं ते १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून करताहेत. साप दरवेळी तोच, कात तेवढी नवी: कधी खवल्यांवर मीनाकाम, कधी हिरे, कधी नुसतं गुळगुळीत सोनं. १९६२ मध्ये एलिझाबेथ टेलर क्लिओपात्राच्या चित्रीकरणासाठी रोममध्ये होती, तेव्हाचा तिचा फोटो प्रसिद्ध आहे. हातात हाच साप. रोममध्ये राहून तिने काय काय केलं ते जगाला माहीत आहेच, पण दागिने नेमाने घेतले.

मला मात्र त्या सापाच्या अंगाचं जास्त कौतुक वाटलं. त्या घडणीला तुबोगास म्हणतात. सोन्याच्या लांबच लांब पट्ट्या एकमेकींच्या कडांत अडकवत गोल गुंडाळत न्यायच्या, आत तात्पुरता गाभा ठेवायचा आणि काम झालं की तो काढून टाकायचा. कुठेही डाख नाही. पेच नाही, फासा नाही. ताणलं की उलगडतं, सोडलं की मनगटाला आपसूक मिठी मारतं. आमच्या लहानपणीच्या सोनाराला हे दाखवलं असतं, तर त्याने आधी चष्मा कपाळावर सरकवला असता, मग पुन्हा डोळ्यांवर घेतला असता, आणि शेवटी म्हणाला असता, "घट किती धरतात?"

सोनारांच्या बाबतीत सांगलीकरांशी बोलताना जरा जपून बोलावं. गाडगीळांची पेढी सांगलीत १८३२ सालची. बुल्गारीचा मूळ पुरुष सोतिरिओ हा ग्रीसच्या बाजूचा, एपिरसमधला चांदीकाम करणारा कारागीर. तो पोट भरायला इटलीत आला आणि १८८४ मध्ये रोममध्ये त्याने दुकान थाटलं. म्हणजे बावन्न वर्षांनी आम्ही थोरले. हे मी भाचीला लगेच कळवलं. तिने हसणारा चेहरा पाठवला. याच बुल्गारीने २०२१ मध्ये खास भारतासाठी मंगळसूत्र काढलं होतं, अठरा कॅरटचं, काळ्या मण्यांच्या जागी ऑनिक्स, किंमत साडेतीन लाखांच्या आसपास. अठरा कॅरट! आमच्याकडे कोणी बाई अठरा कॅरटचं मंगळसूत्र घालून हळदीकुंकवाला गेली असती, तर निदान महिनाभर तरी दुसरा विषय निघाला नसता.

पण मी घड्याळाबद्दल सांगत होते.

माझ्या आत्याकडे एक घड्याळ होतं. आतोबांनी लग्नानंतरच्या पहिल्या बोनसमधून घेतलेलं, स्विस बनावटीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं. पट्ट्याच्या जागी बारीक साखळी. तबकडीवर आकडे नव्हतेच. बारा, तीन, सहा, नऊ यांच्या जागी चार रेघा, आणि काटे असे की आहेत म्हणायचं म्हणून आहेत. आत्या ते फक्त लग्नकार्यात घालायची. तेही तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, कारण बाहेरच्या बाजूला बिलवर आणि हिरव्या बांगड्या, घासून काच खराब होईल. मुहूर्ताची वेळ जवळ आली, मुलीच्या मामाची शोधाशोध सुरू झाली, की कोणीतरी आत्याला विचारायचं, "वन्सं, किती वाजले?" आत्या हात उलटा करायची, डोळे बारीक करायची, हात लांब न्यायची, पुन्हा जवळ आणायची, आणि शेवटी शेजारून जाणाऱ्या एखाद्या पोराला हाक मारायची, "अरे, त्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत बघून ये रे."

आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. एकदा मी तिला सरळच विचारलं, "आत्या, तुझ्यात दिसत नाही तर घालतेस कशाला?" ती म्हणाली, "बघायचं घड्याळ तुझ्या बापाकडे आहे. हे घालायचं आहे."

बघायचं घड्याळ खरंच बाबांकडे होतं. एचएमटी, किल्लीचं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी रेडिओवर पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की बाबा ते मनगटावरून काढून डाव्या हातात धरायचे आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने किल्ली द्यायचे. मोजून द्यायचे. जास्त दिली तर स्प्रिंग तुटते, म्हणून आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. बाबांचा आणखी एक प्रघात होता. रात्री एखादा पाहुणा फारच रेंगाळला, आईच्या जांभया पदराआड मावेनाशा झाल्या, की बाबा शांतपणे घड्याळ काढायचे आणि त्या वेळी दुसऱ्यांदा किल्ली द्यायला घ्यायचे. कर्र, कर्र, कर्र. तेवढे दोन-चार वळसेच द्यायचे, स्प्रिंगच्या भीतीने. पण पाहुणा ऐकता ऐकता उठायचा. घड्याळात बघितलं असतं तर उद्धटपणा झाला असता. किल्ली देणं हे मात्र नियमित कर्तव्य होतं, त्याला कोण काय म्हणणार?

पाहुण्यांदेखत घड्याळ बघू नये, ही शिकवण माझ्यात इतकी मुरली आहे की आजही कोणी समोर बसलेलं असताना मी वेळ बघत नाही. बघायचीच झाली तर पाणी आणायला म्हणून आत जाते. परवा तर लागोपाठ तीन ग्लास पाणी आणलं. समोरची बाई म्हणाली, "तुम्हाला बरं नाहीये का?"

युरोपातल्या उच्चभ्रू बायकांचीही हीच पंचाईत होती म्हणतात. चारचौघांत वेळ बघणं अशिष्ट. म्हणून तिथल्या जवाहिऱ्यांनी युक्ती काढली, लपवलेलं घड्याळ. बुल्गारीच्या काही सापांमध्ये तबकडी डोक्यावर नसतेच, ती तोंडात असते. सापाचा जबडा उघडायचा, आत वेळ. बंद केला की नुसता दागिना. मला हे फार आवडलं आणि लगेच शंकाही आली. चारचौघांत घड्याळात डोकावणं अशिष्ट, आणि सोन्याच्या सापाचा जबडा उघडून आत बघणं शिष्ट? हे म्हणजे बाबांच्या कर्र कर्रपेक्षा मोठा आवाज झाला.

याच घराण्याने १९७५ मध्ये आपल्या शंभर खास गिऱ्हाइकांना एक घड्याळ भेट दिलं होतं. त्यावरून दोन वर्षांनी जे घड्याळ निघालं, त्याच्या तबकडीभोवतीच्या कड्यावर घराण्याचं नाव कोरलं, वरही आणि खालीही. रोमन नाण्यांवर कडेने बादशहांची नावं असायची, तिथून ही कल्पना घेतली. आमच्याकडे स्टीलच्या प्रत्येक भांड्यावर कडेने नाव घातलेलं असायचं, तसंच हे. फरक इतकाच की आमच्या डब्यावर घेणाऱ्याचं नाव असायचं, यांच्या घड्याळावर विकणाऱ्याचं आहे. आणि लोक ते हौसेने मिरवतात.

पुरुषांच्या घड्याळांत त्यांनी वेगळंच खूळ घेतलं आहे, पातळपणाचं. हे सगळं ज्यांच्या हातचं, ते फाब्रित्झिओ बुओनामासा स्टिल्यानी आधी फियाटमध्ये गाड्यांची डिझाइनं करायचे. आमच्या पिढीला फियाट म्हणजे मुंबईची काळीपिवळी, आणि तिच्यात पातळ असं काहीच नव्हतं. मार्च २०२२ मध्ये यांनी अख्खं घड्याळ १.८० मिलिमीटरमध्ये बसवलं, काच, यंत्र, मागचं झाकण सगळं धरून. जुलैत रिशार मिल या दुसऱ्या कंपनीने १.७५चं काढलं. २०२४ मध्ये हे १.७०वर आले. त्याच वर्षी एका रशियन घड्याळजीने १.६५चं करून दाखवलं. केसाएवढ्या जागेसाठी चाललेली ही भाऊबंदकी वाचताना मला हसू येत होतं, पण नंतर थोडं थांबले. इतक्या कमी जागेत चाक चाकावर बसवायला जागाच उरत नाही. मग ती शेजारी शेजारी पसरावी लागतात आणि घड्याळाची पाठ हीच यंत्राची बैठक करावी लागते. कोणीतरी डोळ्याला भिंग लावून दिवसच्या दिवस बसल्याशिवाय हे होत नाही. त्या कोणातरीला मी मनातल्या मनात एक चहा दिला.

माझा खरा जीव अडकला तो बायकांच्या घड्याळांत. आजवर बहुतेक कंपन्यांचा समज असा की पुरुषाला यंत्र हवं आणि बाईला सेल पुरतो. बाईच्या घड्याळावर वाटेल तेवढे हिरे जडवतील, पण आत बघाल तर बॅटरी. बायका कुठे रोज किल्ली द्यायच्या, असं त्यांनीच ठरवलेलं. जी बाई रोज रात्री दुधाला विरजण लावते, गॅसची कळ बंद आहे ना ते दोनदा बघते आणि मगच झोपते, ती किल्ली द्यायची विसरेल?

२०२२ मध्ये बुल्गारीने त्या जबड्यातल्या घड्याळासाठी किल्लीचं यंत्र केलं. व्यास १२.३ मिलिमीटर, वजन १.३० ग्रॅम. जुन्या सोनाराच्या भाषेत अकरा गुंजाही भरत नाही. एकदा किल्ली दिली की तीस तास चालतं, म्हणजे रोज द्यायलाच हवी. मग २०२५ मध्ये त्यांनी हात हलेल तशी आपोआप किल्ली भरणारं छोटं यंत्र काढलं, १९ मिलिमीटर व्यासाचं, पाच ग्रॅमचं, आणि सापांच्या घड्याळांत घालायला सुरुवात केली. पन्नास तास चालतं. कणीक मळताना ते किती भरेल याचा मी अंदाज करत होते; मग लक्षात आलं, कणीक मळताना ते काढूनच ठेवायला लागेल.

त्याच वर्षी एक साप त्यांनी असाही केला की त्याला ना खवले, ना डोळे. नुसतीच सोन्याची वळलेली कांब. म्हणे, सार तेवढं ठेवलं. खवले नाहीत, डोळे नाहीत, मग साप कोणी म्हणायचं त्याला? फोटोखाली लिहिलेलं असतं म्हणून.

आत्या गेल्यावर तिचं घड्याळ माझ्या वहिनीकडे आलं. वहिनी हौसेने ते हरभट रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली, मीही बरोबर होते. दुकानात आता निम्म्या भागात मोबाइलची कव्हरं लटकतात. त्याने पाठ उघडली आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. मलाही भिंगातून बघू दिलं. आत सगळं जागच्या जागी होतं, माणकांचे लाल ठिपके, केसासारखी स्प्रिंग, पितळी चाकांवर सूक्ष्म आडव्या रेघा. ज्या रेघा कुणालाच कधी दिसणार नव्हत्या, त्या कुणीतरी ओढून ठेवल्या होत्या. "फार चाललेलं नाही हे," दुरुस्तीवाला म्हणाला. "तेल वाळलंय नुसतं. करून देतो. पण ताई, याची किल्ली बघा केवढीशी आहे. रोज द्यायची तर नखं वाढवायला लागतील."

वहिनीने आपल्या भांडी घासून झिजलेल्या नखांकडे बघितलं आणि म्हणाली, "राहू दे. बंद घड्याळ कुठल्याही साडीवर जातं."

मला वाटतं आत्याने त्याला कधी किल्ली दिलीच नसावी. लग्नघरातल्या त्या सगळ्या मुहूर्तांना ती जे डोळे बारीक करून बघायची, ते बंद घड्याळाकडे. म्हणजे तिला दिसत नव्हतं असं नव्हे. हे मी आता कुणाला विचारणार? आतोबाही नाहीत.

आत्याचा दिवस कोणत्याच घड्याळावर चालायचा नाही, हेही आहे. नळाला पाणी आलं की उठायचं, भोंगा झाला की डबा भरायचा, शाळेची घंटा, मग आतोबांची सायकल, मग आरती. सगळ्या वेळा दुसऱ्यांच्या. तिच्या मालकीची म्हणावी अशी वेळ लग्नकार्यातच, नटूनथटून बसलेली असतानाची. आणि तेव्हाच तेवढं ते घड्याळ हातात.

असो. माझ्या स्वतःच्या हातात हल्ली काहीच नसतं. स्वयंपाकघरात भिंतीवर एक प्लॅस्टिकचं आहे, ठळक आकड्यांचं, चष्म्याशिवाय दिसणारं. ते मी दहा मिनिटं पुढे ठेवलेलं आहे. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि सगळे मनातल्या मनात दहा वजा करतात, मीसुद्धा करते. मग पुढे ठेवायचंच कशाला, असं जावई विचारतो. इंजिनिअर आहे तो.